प्रितमच्या वजनाचं लाकूड

जडुकाचं झाड तुम्ही पाहिलं नसेल. वेसाव्याच्या खाडीकडेला, तिवरांच्या मागे आता तीनच उरलीत, आणि तीही मुद्दाम बघायला यावं अशी नाहीत. बुटकी, वाकडी, धड सावलीसुद्धा देत नाहीत. पण लाकूड असं, की हातभर ओंडका उचलायला चार माणसं लागतात. पाण्यात टाकलं की सरळ तळाला. म्हणून आमच्याकडे जाळ्याचे खुंट जडुकाचे, नांगर जडुकाचा. खारं पाणी त्याला कुजवत नाही, कीड त्याला खात नाही. चार बंगल्याच्या बाजारात मी ज्या फळीवर सुरमई कापते ती माझ्या आजीची आहे.

बाकी त्याचा ताप विचारू नका. घरात ठेवलं तर लादी फोडतं. चुलीत घातलं तर नुसता धूर. करवतीची पाती खाऊन टाकतं. आणि होडीत तर त्याचा साधा पाटही ठेवत नाहीत, कारण माणूस पाण्यात पडला तर त्याने धरायचं काय?

आणखी एक उपयोग आहे. तो आम्ही बाहेरच्यांना सांगत नाही, पण आता लपवून तरी काय करायचंय. समुद्राने माणूस परत दिला नाही, तर त्याच्या वजनाचं जडूक कापून त्याच्या घरच्या खुंटापाशी पाण्यात सोडतात. मगच पुढचं दिवसकार्य. हे वजन ठाऊक असावं म्हणून नारळी पुनवेला नारळ सोडून झाला की प्रत्येक पुरुष धक्क्यावरच्या मासळी तोलायच्या काट्यावर उभा राहतो. हसतखिदळत, एकमेकांच्या पोटाला चिमटे काढत. कशासाठी ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

आणि सोडण्याआधी ते लाकूड बायकोच्या मांडीवर ठेवतात. तिने वजन अंगावर घेऊन 'बरोबर' म्हणायचं. ती म्हणेपर्यंत कुणी त्याला हलवत नाही.

माझा भाऊ प्रितम दिवाळीनंतर गेला. जाळं ओढताना तोल गेला, एवढंच विपुल सांगू शकला. विपुल आमचा चुलतभाऊ, तोच त्याच्याबरोबर होता. तटरक्षक दल आलं, गावातल्या सगळ्या होड्या फिरल्या. काही सापडलं नाही. बाबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बरीच वाट पाहिली आणि मग स्वतः खाडीवर जाऊन जडूक कापून आणलं. पुनवेला प्रितम ब्याऐंशी किलो भरला होता. तेवढंच लाकूड काट्यावर तोलून ओट्यावर आणून ठेवलं. त्याच दिवशी दोन लाद्या तडकल्या.

प्रितमची बायको क्षमा 'बरोबर' म्हणेना.

ती नाहूरची. बाप गिरणीत होता, गिरणी गेल्यावर वॉचमन झाला. तिच्या माहेरी मासे खातात, पकडत नाहीत. मांडीवर घेऊन बस म्हटलं की ती मान खाली घालून आत जायची. त्या ओंडक्याला वळसा घालून पाणी भरायची, वळसा घालून कपडे वाळत टाकायची. बाबा रोज सकाळी ओट्यावर येऊन तिच्याकडे बघायचे आणि परत जायचे. भावाला निरोपसुद्धा देता येईना, याचा मला संताप यायचा, आणि मी तो तिच्यावरच काढायची.

"अजून किती दिवस लटकत ठेवणार आहेस त्याला?" मी एकदा सरळ विचारलं. "येणार नाय तो. कळतंय ना तुला?"

"कळतंय, ताई," ती म्हणाली. "मला काय तो येईल असं वाटतंय का?"

"मग?"

ती बाबांच्या खोलीकडे बघत राहिली. मला वाटलं, रागाने बघतेय.

शेवटी बाबाच तिच्यासमोर जाऊन बसले. सुनेपुढे हात जोडणारा माणूस नव्हे तो. त्या दिवशी जोडले. म्हणाले, "क्षमा, माझी बायपास झालेली, माझा काय भरवसा. माझ्या हातून त्याला जाऊ दे."

ती उठून ओट्यावर आली, भिंतीला टेकून पाय पसरून बसली. मी, विपुल आणि शेजारच्या दोघांनी मिळून ओंडका उचलला आणि हळूच तिच्या मांडीवर टेकवला. तिने त्यावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले.

"हे जास्त आहे," ती म्हणाली.

"काट्यावर तोललंय गं," विपुल म्हणाला.

"पुनवेला होता तेवढा. नंतर उतरला." आवाज अगदी साधा होता. "माझ्या अंगावर पाय टाकून झोपायचा तो. मला नाही कळणार?"

बाबा म्हणाले, "उतरला म्हणजे? कशानं?"

ती बाबांकडे न बघता, त्या लाकडाकडे बघत बोलली.

"टीबी होता. अंधेरीच्या डॉक्टरनी सांगितलं, सहा महिने समुद्रावर जायचं नाही. तो म्हणाला, मी घरी बसलो तर बाबा ऐकणार नाहीत, स्वतः होडी काढतील. जीव जाईल त्यांचा. मला शपथ घातली होती."

मला त्याचे दोन-दोन शर्ट आठवले. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकावर एक घालून फिरायचा. काय रे हिरो, म्हणून मी चिडवलं होतं. तो हसला होता.

एवढे आठवडे ती खोटं 'बरोबर' म्हणू शकत नव्हती, आणि खरं बोलली असती तर बाबांचं काय झालं असतं? म्हणून माझी बोलणी खात गप्प बसली होती.

बाबा उठले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. विपुलने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. ओंडका खाली ठेवून टोकाकडून कापायला लागले. पाती मोडत होती, ते नवी लावत होते. घाम हनुवटीवरून लाकडावर पडत होता. एक चकती सुटली. ओंडका पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

"अजून," ती म्हणाली.

त्यांनी आणखी एक चकती कापली.

"अजून, बाबा."

त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कापायला बसले. आपला पोर किती झिजला होता ते त्यांना असं कळत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. पुढच्या खेपेला तिने लाकूड पोटाशी ओढून घेतलं, त्यावर गाल टेकवला आणि पहिल्यांदा रडली.

"हां," म्हणाली. "बरोबर."

आम्ही ते लगेच उचललं नाही. तिचं रडून होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी भरतीला प्रितमला आमच्या खुंटापाशी सोडलं. क्षमाने त्याच्याबरोबर बांगड्या सोडल्या. बुडबुडासुद्धा आला नाही.

कापलेल्या चकत्या ओट्यावरच राहिल्या. त्या जळत नाहीत, आणि टाकायच्या कुठे? बाबा रोज संध्याकाळी त्या एकेक करून मांडीवर घेतात आणि खाडीकडे बघत बसतात. परवा मी म्हटलं, ठेवा खाली, पाय बधिर होतील.

"एवढा गेला होता गं हेमे," ते म्हणाले. "रोज माझ्यासमोर जेवायचा."