डेंबाचा रोजा

काय म्हणतो गं तुझा पाद्री? आपण गुलाम होऊन या बेटावर आलो तेव्हा आपल्याला देवच नव्हता? जीभ झडो मेल्याची! बस इथे, रूथ. तुझ्या आज्याचे पुढचे दात कुठे गेले, ते ऐक.

भाताची कापणी चालली होती आणि त्यातच रमजान आला. मालकाचा कारभारी क्रॉफ्ट नवाच होता. येरो, म्हणजे तुझा आजा, दुपारी अन्नपाण्याला शिवत नाही हे त्यानं पाहिलं. आधी गुलामांच्या जहाजावर कामाला असताना अन्न सोडून जीव देणारे क्रॉफ्टनं पाहिले होते. त्याला वाटलं, हाही मरायला टेकलाय, आणि मालक आपल्या नरडीवर बसणार.

"सूर्य बुडाला की खातो तो!" मी ओरडले. "रोजा आहे त्याचा!"

"कसला रोजा? या मुलखात देव एकच, आमचा. डेंबा, डोकं धर ह्याचं!"

डेंबा आमचा मुकादम. जातीनं आमच्यातलाच, बाप तिकडे समुद्रापार आमच्या गावात कुराण शिकवायचा. पण हा कधी नमाजाला दिसला नाही. आम्ही त्याला साहेबाचा कुत्रा म्हणायचो.

त्यानं डोकं धरलं. क्रॉफ्टनं न खाणाऱ्यांचा जबडा फाकवायचा जहाजावरचा लोखंडी चिमटा येरोच्या तोंडात खुपसला आणि त्याचा स्क्रू पिळला. दात मोडलेले मी कानांनी ऐकले गं! मग डुकराची चरबी घातलेली पेज ओतली. येरोच्या छातीवर रक्त आणि पेज एक झाली.

"मुडदा बसवला तुझा, डेंबा!" मी किंचाळले. "हात झडतील तुझे!"

येरो कोसळला. त्यानं विचारलं एवढंच, तेही डेंबालाच, "मोडला का रे रोजा?"

डेंबा ढसाढसा रडायला लागला. "नाही दादा. जबरदस्तीनं कोंबलं तर मोडत नाही." मग वळून क्रॉफ्टला त्याच्याच भाषेत म्हणाला, "माझाही रोजा आहे."

क्रॉफ्ट पिसाळला. बंदूक रोखून त्यानं आमच्यातल्या दोघा गड्यांना डेंबाचे हात धरायला लावले आणि चिमटा घातला. डेंबा गिळेना. क्रॉफ्ट ओततच राहिला. "गिळ! गिळ म्हणतो ना!" पेज श्वासात गेली. डेंबानं पाय झाडले, डोळे पांढरे केले, आणि थंड झाला.

"मेला कसा?" क्रॉफ्ट आम्हालाच विचारत होता. "मी तर खायला घालत होतो."

मालकाला कळू नये म्हणून त्यानं डेंबाला खाचराच्या समुद्राकडच्या बांधात पुरायला लावलं. आंघोळ नाही, कफन नाही. येरो फुटक्या तोंडानं दुआ म्हणत त्याच्यावर माती लोटत होता, आणि मी बांध तुडवून घट्ट करत होते. माझ्या पायांनी, रूथ.

त्याच बांधानं समुद्र अडवलाय म्हणून तुमच्या चर्चच्या अंगणात आज पाणी येत नाही. सांग जा तुझ्या पाद्रीला.