सहा क्लब आणि एक सभासद

आमच्या बेलफोर्डच्या हायस्कूलला पाच वाजता कुलूप लागतं, म्हणून शाळेतल्या सगळ्या क्लबांच्या बैठका माझ्या बोलिंगच्या हॉलमध्ये होतात. मी लेन पुसतो, बटाटे तळतो आणि कान उघडे ठेवतो. त्याआधी बावीस वर्षं मी नौदलाच्या जहाजांवर स्वयंपाक केला आणि चीफच्या हुद्द्यावर निवृत्त झालो, त्यामुळे गावात लहानथोर सगळे मला चीफ म्हणतात. माझं खरं नाव लेलंड ऑफर आहे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय.

मागच्या वर्षी गावातल्या पाच पोरांना एकदम सैनिकी अकादमीची स्वप्नं पडायला लागली. म्हणजे स्वप्नं त्यांच्या आईबापांना पडली, पोरांना फक्त पहाटे पळावं लागलं. अकादमीत जायचं तर आधी आपल्या भागाच्या खासदाराकडून नाव पुढे जावं लागतं, आणि खासदाराच्या अर्जात चौथ्या पानावर लिहिलेलं असतं: 'नेतृत्वाची पदे'. खाली आठ रिकाम्या ओळी. रिकामी ओळ दिसली की आमच्याकडच्या आईबापांचं जेवण अंगी लागत नाही.

गॅरेट नीमायरच्या आईने सगळ्यात आधी हालचाल केली. पर्यावरण क्लब काढला. मग दुसऱ्या आईने ध्वजसन्मान क्लब काढला. मग बुद्धिबळ क्लब आला, ज्यात घोडा कसा चालतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असे वसंतापर्यंत सहा क्लब झाले आणि सहावा होता नेतृत्व क्लब. त्यात काय करायचं हे मी एकदा गॅरेटला विचारलं.

"नेतृत्व," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"क्लबचं, चीफ."

अडचण एकच होती. शाळेच्या नियमाप्रमाणे क्लबला किमान सहा सभासद लागतात आणि अध्यक्ष व्हायला तयार पोरं पाचच होती. सहावा माणूस हवा होता, ज्याला काहीच व्हायचं नाही. अशी टेसा व्होंड्रा सगळ्या क्लबांत आली.

टेसाचा बाप धान्याचा ट्रक चालवतो, आई वृद्धाश्रमात कामाला. पोरगी बारा वर्षांची असल्यापासून माझ्या काउंटरवर बसून गृहपाठ करायची. आमच्या नेब्रास्कातून समुद्र जितका लांब आहे तितका तो क्वचितच कुठून असेल, आणि हिने तो अजून पाहिलेलाही नाही. पण माझ्या जहाजाच्या फोटोंचा अल्बम तिने पानं सुटेपर्यंत पाहिला होता. एकदा तिने विचारलं, "जहाज कुठे जायचं ते कोण ठरवतं?"

"अधिकारी."

"ते कधी तुमच्या स्वयंपाकघरात यायचे का?"

"चांगले असायचे ते यायचे."

तिने अल्बमचं पान उलटलं. मग म्हणाली, "मला तसली अधिकारी व्हायचंय." गावातल्या पाच पोरांच्या अर्जामागे पाच आया होत्या. हिच्या अर्जामागे ही एकटीच होती, आणि थोडाफार मी. गुडघ्यावर बसून बास्केटबॉल लांब फेकायची एक चाचणी असते, त्याचा सराव तिने माझ्या पार्किंगमध्ये केला. गुडघे सोलून निघाले तेव्हा माझ्या काउंटरमागच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि पुन्हा खाली बसली.

क्लबांच्या निवडणुका माझ्याच हॉलमध्ये झाल्या. चिठ्ठ्या बोलिंगच्या बुटात टाकायच्या आणि मी मोजायच्या, कारण पोरांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. पहिल्या निवडणुकीत गॅरेटला दोन मतं, बाकी चौघांना एकेक, टेसाला भोपळा. दुसऱ्या निवडणुकीत केल्सी नावाच्या पोरीला दोन, बाकीच्यांना एकेक, टेसाला भोपळा. सहाही निवडणुका अशाच. जिंकलेला प्रत्येक जण छाती फुगवून घरी जायचा. आपला एक गुप्त चाहता आहे असं प्रत्येकाला वाटायचं.

मला कळायला तिसरी निवडणूक लागली. पाच जण स्वतःलाच मत देत होते. टेसाचं मत जिकडे पडेल तो अध्यक्ष. गावातले सगळे अध्यक्ष त्या पोरीने केले होते.

"एकदा स्वतःला देऊन बघ ना," मी तिला म्हणालो. "तुझं चौथं पान कोरं आहे."

"मग सगळ्यांना एकेकच पडेल, चीफ. बैठक संपणार नाही आणि तुमच्या लेन पुसायच्या राहतील."

मला तिचा राग आला. चांगल्या माणसांचा येतो तसा, म्हणजे बोलून दाखवता येत नाही तसला. बैठक संपली की अध्यक्ष मंडळी आयांच्या गाड्यांत बसून जायची आणि खुर्च्या ती एकटी उचलायची. पर्यावरण क्लबने झाडं लावली तेव्हा फावड्यावर हात ठेवून गॅरेटचा फोटो निघाला. खड्डे हिने खणले होते. फोटोत कोपऱ्यात तिचं एक कोपर आलं आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. खासदार काही स्वतः मुलाखती घेत नाही. त्याने भागातल्या पाच भल्या माणसांची समिती नेमलेली असते, आणि त्या पाचांत मी होतो. बाकी चौघं म्हणजे निवृत्त कर्नल स्ट्रॉख, दाताच्या डॉक्टर फॉसबर्ग बाई, ट्रॅक्टर विकणारा कोपेकी आणि अंत्यविधीवाला डब्स. समितीच्या कागदावर एक ओळ होती: 'ज्या उमेदवाराशी आपला वैयक्तिक परिचय आहे त्याच्या मुलाखतीत व मतदानात भाग घेऊ नये.' मी शहाणा, बेलफोर्डच्या सहाही पोरांची नावं लिहून सही ठोकली.

बाकीच्यांनी ती ओळ वाचलीच नाही. कोपेकीचा सख्खा भाचा उमेदवार होता. डॉक्टरबाईंच्या मदतनिशीचा मुलगा होता. डब्सकडे शनिवारी पुष्पचक्रं उचलणारा पोरगा होता, आणि कर्नलच्या जुन्या दोस्ताचा नातू होता. मी तो विषय काढला तेव्हा कोपेकी म्हणाला, "अरे चीफ, या भागात ओळखीचे सगळे उठून गेले तर मुलाखती काय कॉफीच्या किटलीने घ्यायच्या?"

म्हणजे प्रामाणिकपणाची शपथ घ्यायला लावणाऱ्या अकादमीसाठी पोरं निवडायला बसलेल्या पाचांत प्रामाणिक मी एकटा, आणि त्याचा तोटा टेसाला. तिच्या बाजूने बोलणारं एकच तोंड होतं, ते मी स्वतः शिवून टाकलं होतं. त्या दिवशी मला माझ्या सहीची जितकी चीड आली तितकी बावीस वर्षांत कुठल्या कप्तानाची आली नव्हती.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मुलाखती झाल्या. तेवीस उमेदवार, नावं पाठवायची दहा. बेलफोर्डची पोरं आली की मी उठून स्वयंपाकघरात जायचो. तिथे खिमा-राजम्याची तिखट चिली शिजत होती आणि दालचिनीचे रोल गरम होत होते. चिलीसोबत आम्ही दालचिनीचा रोल खातो. ज्याला नवल वाटेल त्याने आपल्या घरी जेवावं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये वाढायची खिडकी आहे आणि तिची फळी नीट लागत नाही. मी ती लावली होती, एवढं मी शपथेवर सांगेन.

गॅरेटची मुलाखत झकास झाली. 'नेतृत्व' हा शब्द तो एकवीस वेळा बोलला. मी चमच्याने मोजत होतो.

मग टेसा आली. कागद चाळल्याचा आवाज झाला.

"तुझं चौथं पान कोरं आहे," कर्नल म्हणाले. "सहा क्लबांत होतीस, एकातही पद नाही?"

"नाही सर. मी सभासद होते."

"निवडणुकीला उभी राहिली नाहीस?"

"सगळेच उभे होते सर. प्रत्येक जण स्वतःला मत द्यायचा. मी दुसऱ्याला दिलं की निकाल लागायचा."

मग डॉक्टरबाईंचा आवाज आला. "थांब. म्हणजे हे जे सगळे अध्यक्ष आज सकाळपासून आमच्यासमोर बसून गेले, ते तू निवडलेस?"

"हो बाई."

"कशावरून निवडायचीस?"

"बऱ्याचदा ज्याची आई बाहेर गाडीत थांबलेली असायची, त्याला."

कोपेकी खोकला. कर्नलनी विचारलं, "आणि नीमायरला तीनदा का?"

टेसाची खुर्ची करकरली. पोरगी कुणाचं वाईट बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही. या दोन्हीच्या मधली वाट शोधत असावी.

"त्याला दुसरं काम दिलं की ते पुन्हा करावं लागतं सर," ती म्हणाली. "अध्यक्ष असला की तो बसलेला तरी असतो."

कर्नल इतके हसले की डब्सला त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या, आणि डब्सने थापा मारणं कुणालाच शुभ वाटत नाही. मी चिली ढवळत होतो. मला वाटलं, जिंकली पोरगी.

कसलं काय. हसणं वेगळं आणि मत वेगळं. दुपारी नऊ नावं पटापट ठरली आणि त्यात गॅरेटचं दुसरं होतं. "त्याचं चौथं पान बघा ना," कोपेकी म्हणाला, जसं काही पोराने ते पान स्वतःच्या रक्ताने लिहिलं होतं. दहाव्या जागेसाठी पाच नावं उरली: भाचा, मदतनिशीचा मुलगा, पुष्पचक्रवाला, दोस्ताचा नातू आणि टेसा. मत द्यायला चौघं, कारण मला नियम आडवा. चिठ्ठ्या मोजायला मात्र मलाच बोलावलं. टोपीतून चिठ्ठ्या काढल्या: चार नावांना एकेक मत, टेसाला भोपळा.

दुसरी फेरी घेतली. तेच. तिसरी घेतली. तेच. बाहेर दिवस कलायला लागला, रोल संपले, चिलीचं पातेलं खरवडून झालं. चार शहाणी माणसं आपापल्या नावाला चिकटून बसली होती आणि हा प्रकार मी बोलिंगच्या बुटात सहा वेळा पाहिला होता. माझ्या जिभेवर शब्द नाचत होते. पण मी सही केली होती, म्हणून गप्प बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

शेवटी कर्नलनीच चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती पोरगी इथे असती तर आपण एव्हाना घरी असतो," ते म्हणाले. "चला, तिच्यासारखं करू. आपलं सोडून दुसरं नाव लिहा."

चौघांनी लिहिलं. तुम्हाला वाटेल, त्यांना उपरती झाली. मी त्यांचे चेहरे पाहत होतो, मला माहीत आहे. माझा भाचा नाही तर डब्सचा पोरगाही नको, असा कोपेकीने विचार केला. डब्सने तोच विचार डॉक्टरबाईंच्या उमेदवाराबद्दल केला. आपलं नाही तर दुसऱ्याचंही नको, म्हणून चौघांनी ते नाव लिहिलं जे कुणाचंच नव्हतं.

मी चिठ्ठ्या उघडल्या. टेसा व्होंड्रा. टेसा व्होंड्रा. टेसा व्होंड्रा. टेसा व्होंड्रा. चौथी वाचताना माझा आवाज फुटला, तर डब्सने सवयीने मला रुमाल दिला.

पत्रं डिसेंबरात जायची होती, तोवर तोंडाला कुलूप. पुढच्या आठवड्यात नेतृत्व क्लबची बैठक होती. अर्ज जाऊन, मुलाखती होऊन गेल्या होत्या, त्यामुळे अध्यक्षपद आता कुणाच्याच उपयोगाचं राहिलं नव्हतं. वर्षाअखेरीचा अहवाल तेवढा लिहायचा होता. गॅरेटने "अभ्यासाच्या ताणामुळे" राजीनामा दिला. नवी निवडणूक लागली आणि बूट फिरला. मी मोजलं: टेसाला पाच मतं, गॅरेटला एक.

"अभिनंदन," गॅरेट म्हणाला आणि जॅकेट घालायला लागला. बाकीचेही उठले. काम नेहमीच्या माणसाच्या गळ्यात पडलं होतं, आता जायला हरकत नव्हती.

"थांबा," टेसा म्हणाली.

ती ओरडली नाही, आवाज जरासुद्धा चढवला नाही. ती बैठकीच्या लांब टेबलाच्या जड बाजूला गेली, जिथे पाय लचकलेला आहे, आणि ते टोक तिने स्वतः धरलं. "गॅरेट, तू ते टोक. केल्सी, कप. बाकीच्यांनी खुर्च्या, चार-चारच्या चळती, भिंतीला लावून. अहवालाची पानं मी उद्या वाटून देईन, प्रत्येकाला एक."

गॅरेटने दाराकडे पाहिलं, बाहेर त्याच्या आईच्या गाडीचे दिवे लागलेले होते. मग त्याने जॅकेट काढलं आणि टेबल धरलं. केल्सीने कप उचलले. सहा क्लबांच्या कारभारात त्या पोरांनी पहिल्यांदा एकत्र काहीतरी केलं होतं आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

मी काउंटरमागे उभा राहून मजा बघणार होतो. निदान माझा तसा बेत होता. पण बावीस वर्षांची सवय हाडात मुरलेली असते, आणि तो आवाज मी ओळखतो. भिंतीपाशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याही दोन्ही हातांत खुर्च्या आहेत.