परमिट

ड्रोन पोलिसाच्या हातात होता आणि आमचे हे त्यालाच म्हणत होते, "तुमचं बरोबर हाये साहेब. चुकी माही हाये."

मी आमच्या लोहाऱ्याच्या शाळेच्या मैदानावर पदर खोचून भांडायच्या तयारीत उभी, आणि नवरा आधीच माफी मागून मोकळा. शिपाई पोरगेलासा होता. त्याने नीटच समजावून सांगितलं. विमानतळ जवळ आहे, इथल्या आभाळात काही उडवायचं तर परवानगी लागते, आज सोडतो, पुन्हा दिसलं तर जप्त करीन. आता ह्यांनी परवानगी घेतली नव्हती असंही नाही. मैदान ज्या शाळेचं, तिच्या मुख्याध्यापकांना घरी जाऊन भेटले होते, हात जोडले होते. जमिनीची घेतली, आभाळाची राहिली.

आमचे हे म्हणजे बाबाराव. विजेच्या खांबावर चढण्यात जन्म गेला त्यांचा. मी अंगणवाडी सांभाळायची आणि हे तालुकाभर लाइन सांभाळायचे. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन लावायचा, त्याने लाइन बंद करून "परमिट दिलं" म्हटलं की मगच तारेला हात लावायचा, हा त्यांचा नेम. पाऊस असो, वादळ असो, आमदाराचा माणूस डोक्यावर उभा असो. एकदाच चुकले. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस होते, खांबाखाली ही गर्दी, ऑपरेटरचा फोन लागेना. लोक म्हणाले, बाबाराव, लाइन तर गेलेलीच आहे, एवढंसं तर काम आहे. हे चढले, आणि वर असतानाच लाइन आली. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा वाकला. नोकरीचे उरलेले दिवस ऑफिसात खुर्चीवर गेले आणि नंतरचे आमच्या ओसरीतल्या खुर्चीवर.

त्या खुर्चीची मला चीड आली होती. सकाळी बसायचे ते जेवायलाच उठायचे. बोलणं किती, तर हो आणि नाही. मी मुद्दाम भाजी खारट केली तरी गपचूप खाऊन घ्यायचे. भांडायला माणूस नसलं की घर खायला उठतं, हे मला तेव्हा कळलं.

मग पुण्याहून आमची ममता तो ड्रोन घेऊन आली. मी तिच्यावर ओरडले, बापाचं काय वय आहे का खेळण्याचं म्हणून. पण शाळेच्या मैदानावर तो पहिल्यांदा वर गेला, फोनवर आमची सगळी कॉलनी दिसायला लागली, आणि हे बोलायला लागले. त्या खांबाचं इन्सुलेटर फुटलं हाये. ती तार ढिली हाये, हवा सुटली की ठिणगी पडंल. बोलतच सुटले. मी ऐकत राहिले, डोळे पुसत राहिले. तेवढ्यात तो शिपाई आला होता.

त्या दिवसानंतर आमच्या घरी एकच काम. ममताने फोनवर सरकारी नकाशा कसा उघडायचा ते शिकवलं होतं. हिरवं असेल तिथे उडवायचं, पिवळं असेल तिथे परवानगी काढायची, लाल असेल तिथे नाव काढायचं नाही. आमचं घर पिवळ्यात, परवानगीचा अर्ज केला तो तसाच पडून. नातेवाइकांचं एक शेत निघालं ते अभयारण्याला लागून. दुसरीकडे तलाव चांगला, तर त्याच्या बांधावर मनाईची पाटी. ओळखीचे सगळे म्हणायचे, बाबाराव, उडवून टाका, कोण पाहते. मीसुद्धा म्हटलं. ह्यांचं एकच, परमिटशिवाय नाही. आणि आठवड्यामागून आठवडा जात होता, तसे हे पुन्हा खुर्चीकडे सरकत होते. मला धडकी भरली होती. आता बसले तर उठायचे नाहीत, असं वाटत होतं.

शेवटी हिरवं सापडलं ते माझ्या माहेरी, महागाव तालुक्यात. माझा धाकटा भाऊ अश्वजित तिथे शेती करतो. ह्यांनी त्याला फोन करून रीतसर विचारलं, तुमच्या शेतावर उडवू का. तो हसत सुटला. म्हणाला, भाऊजी, या ना, वावर तुमचंच हाये.

रविवारी पहिल्या एसटीने निघालो. भावजयीने वांग्याची भाजी आणि वडे करते म्हणून सांगितलं, आणि आम्ही तिघं शेतात गेलो. कापूस फुटला होता आणि तूर माणसाच्या डोक्यावर गेली होती. ह्यांनी ड्रोन बांधावर ठेवला, काठीला रेलून उभे राहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"परमिट?"

हा आमचा नवीन खेळ. नकाशा माझ्या फोनवर, तेव्हा ऑपरेटर मी. भावासमोर मला लाज वाटली, पण नकाशा पाहिला. आमच्या भोवती हिरवंगार. "परमिट दिलं," मी म्हटलं.

तो भुर्रकन वर गेला आणि ह्यांची मान ताठ झाली. अश्वजित ह्यांच्या फोनच्या पडद्यात डोकं घालून आपलं शेत पाहत होता. त्या वेळी मी इतकी सुखात होते की बांधावरून माणसं येताहेत हे दिसलंच नाही.

पुढे बबनराव, शेजारचे शेतकरी, हातात कुऱ्हाडीचा दांडा. मागे पाच-सहा जण आणि सगळ्यांच्या मागे धुरपताबाई, पलीकडच्या विहिरीच्या शेताची म्हातारी. बबनरावांनी सरळ ह्यांचा दंड धरला.

"कोनं पाठवलं तुमाले? मोजनी करून राह्यले काय?"

गावात रस्ता येणार अशी कुणकुण होती. कोणीतरी रात्रीतून शेताशेतांत पांढरे दगड रोवून गेलं होतं. एक इथे, एक तिथे, तुरीत आणि कपाशीत दडलेले. कोणाचं शेत जाणार, कोणाचं राहणार, काहीच कळत नव्हतं. अश्वजित मध्ये पडला, आमचे जवाई आहेत, हौसेने उडवतात म्हणून सांगू लागला. कोणी ऐकेना. ह्यांच्याभोवती तसंच रिंगण झालं होतं, जसं तेव्हा खांबाखाली झालं असेल.

ह्यांनी आवाज न चढवता, हातातला रिमोट न सोडता, आपला फोन बबनरावांसमोर धरला. पाहून घ्या म्हणाले, यात लपवण्यासारखं काही नाही. बबनरावांनी पाहिलं, आणि त्यांचा दांडा खाली आला. जमिनीवरून एकेक दिसणारे ते दगड वरून एका ओळीत दिसत होते. सरळ, दोरी धरल्यासारखे. बबनरावांच्या शेताला ती ओळ शिवतही नव्हती. ती जात होती धुरपताबाईच्या शेतातून, विहिरीवरून.

फोन तिच्यापर्यंत गेला. तिने तो दोन्ही हातांत धरला. "हे माही इहीर हाये का वो?" तिने विचारलं.

विहिरीच्या पुढे ओळ गावाजवळच्या धरणाच्या भिंतीकडे वळत होती आणि पडद्याबाहेर जात होती. भिंतीच्या पलीकडे गावातल्या बऱ्याच जणांची ओलिताची शेतं, त्यांतच अश्वजितचं दुसरं शेत. घर त्याच्यावर चालतं. त्याचा चेहरा उतरला. "भाऊजी," तो म्हणाला, "थोडं तिकडं न्या. मले फक्त एवढंच पाह्यचं हाये, आमचं वाचते का जाते."

मी माझ्या फोनवर पाहिलं. धरणाभोवती नकाशा लाल होता.

ह्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी ड्रोन होता तिथेच हवेत थांबवला. पुन्हा गलका झाला. मघाशी मारायला उठलेले आता विनवू लागले. एवढंसं तर काम आहे, कोण पाहते इथे. बबनरावांनी पुन्हा दंड धरला. बॅटरी उतरत चालल्याचा आवाज यायला लागला. पोरासारखा वाढवलेला मेहुणा समोर उभा, त्याला नाही म्हणणं ह्यांना जमणार नव्हतं, ते मला दिसत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सत्यभामा, परमिट?"

सगळे माझ्याकडे वळले. मला ह्यांचा राग आला, इतका की सांगता येत नाही. माझ्या माहेरात, माझ्या भावासमोर, मला विचारता? हो म्हणायला काय लागत होतं? दोन मिनिटांचं काम. अश्वजितचे डोळे माझ्यावर होते. लहानपणी मार खायची वेळ आली की तो माझ्याकडे असाच बघायचा, आणि मी प्रत्येक वेळी त्याला वाचवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "परमिट नाही."

ह्यांनी ड्रोन खाली उतरवला आणि बॅटरी काढून घेतली. बबनराव थुंकले. "सरकारचं मीठ खाल्लेलं मानूस, दुसरं काय करन," असं म्हणून निघून गेले. धुरपताबाईने फोन पदराने पुसून माझ्या हातात दिला. तो पदर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी बरोबर केलं का, मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

घराशी आलो तेव्हा वड्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. अश्वजित दारातच थांबला. "ताई," तो म्हणाला, "गाडीची वेळ झाली असंल तुमची."

भावजय आतून बघत राहिली. आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो, हे लंगडत आणि मी रडत. गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. माझं माहेर तोडलं तुम्ही. नाही म्हणायचं होतं तर स्वतः म्हणायचं होतं, माझ्या तोंडून कशाला वदवलं? हे खिडकीबाहेरचे खांब बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी फोन नाही लागला ना वो. मले नाही म्हननारं कोनीच नव्हतं."



त्याला आता बरेच महिने झाले. हे खुर्चीत बसत नाहीत, एवढं खरं. पण हिरवी जागाही दुसरी मिळालेली नाही. दर रविवारी सकाळी ड्रोन गच्चीवर नेतात, फडक्याने पुसतात, बॅटरी घालतात आणि काठीला रेलून मला विचारतात, परमिट? मी नकाशा उघडते. पिवळंच असतं. मी नाही म्हणते. हे मान हलवतात आणि बॅटरी काढून ठेवतात.

मी फोन मात्र लगेच खाली ठेवत नाही. रविवारी याच वेळेला अश्वजितचा फोन यायचा.