चारशे बारावं नाव

सोमारीनं आडव्या बाटलीवर शिक्का असा हाणला की शाळेचं टेबल हललं.

"हळू, बाई. कागद फाटन," चिठ्ठ्या वाटणारी म्हणाली.

"फाटू दे. दुकान बंद होते ना, बस झालं."

चिठ्ठीवर दोनच चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मत फक्त बायांचं. जिल्ह्याची दारूबंदी उठली तशी ग्रामपंचायतीनं धनराजच्या देशी दुकानाला ना-हरकत देऊन टाकली होती. नदीपल्याड गडचिरोलीत बंदी कायम, त्यामुळे तिकडचे पिणारेही नावेत बसून इकडेच यायचे. दुकानाच्या तिसऱ्याच महिन्यात सोमारीचा घरजावई गुलाब पिऊन आला आणि त्यानं रीनाच्या, तिच्या लेकीच्या, पोटात लाथ घातली. रीना दवाखान्याच्या वाटेवरच गेली. गुलाब जामिनावर सुटला आणि सुटल्या पावली दुकानात जाऊन बसला. मेल्याला लाज कुठली! आता सोमारीचा मुलगा अंकुशही त्याच बाकावर दिसायला लागला होता. लेक तर गेली, निदान हा तरी हाती राहावा, म्हणून ही बाई वर्षभर शमीमबाईबरोबर गाव पालथं घालत होती.

शमीमबाई बांगड्या विकायची. कुणाचा हात कशानं सुजलाय, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. हे मतदान मागणाऱ्या अर्जावरच्या अर्ध्या सह्या तिनं बांगड्या भरता भरताच मिळवल्या होत्या.

दुपारी मोजणी झाली. मोजणीला आलेल्या साहेबांनी चष्मा पुसला.

"आडवी बाटली, दोनशे सहा. उभी बाटली, एकोणीस."

बायांनी असा गलका केला की विचारू नका. शमीमबाईनं सोमारीला मिठी मारली. दाराशी धनराज उभा होता, तो मात्र निवांत सुपारी कातरत राहिला.

"थांबा," साहेब म्हणाले. "यादीत चारशे बारा बाया आहेत. एकूण यादीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे दोनशे सात मतं लागतात. एक कमी पडलं. दुकान चालू राहील."

"अजी, एकानं?" सोमारी म्हणाली. "कोन नाई आली? पाह्य वं शमीमबाई, कोन नाई आली ते."

शमीमबाई यादीवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. कुणी तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, कुणी माजरीला लेकीच्या बाळंतपणाला, कुणी नवऱ्याच्या धाकानं घरातच. शेवटच्या पानावर बोट थांबलं. तिनं यादी मिटली.

"काऊन थांबली? वाच."

"जाऊ दे, सोमारीबाई."

"वाच म्हन्तो ना मी!"

"रीना गुलाब मडावी," शमीमबाई म्हणाली.

सोमारी खालीच बसली. हिवाळ्यात अंगणवाडीची रश्मीबाई यादीतून रीनाचं नाव कमी करायचा कागद घेऊन आली होती. गावातल्या मेलेल्या सगळ्या बायांची नावं तिनं कमी करून घेतली होती, एवढंच राहिलं होतं. पण मेलेल्या माणसाचा दगड उभा करून त्याला पितरांत मिळवेपर्यंत तो घरचाच, रोज त्याची थाळी वाढायची, ही सोमारीच्या लोकांची रीत. आणि दुकान बंद झाल्याशिवाय पोरीचा दगड उभा करणार नाही, असा सोमारीनं पण केला होता. "माही पोर घरातच हाये," असं ओरडून तिनं रश्मीबाईला अंगणातून हाकलली होती.

आता ती साहेबांच्या टेबलाला धरून उठली.

"खोडा जी ते नाव. मेली ते. माह्या हातानं माती देल्ली मी तिले. आत्ता खोडा."

"यादी कधीच अंतिम झाली, बाई. तेव्हा कागद दिला असता तर चारशे अकरा राहिल्या असत्या. दोनशे सहा पुरली असती."

"अंगठा घ्या ना जी. मेली म्हणून अंगठा देतो मी."

साहेबांनी पेट्यांना सील लावायला सांगितलं. बाहेर धनराज पेढे वाटत होता. त्यानं एक सोमारीच्या हातावर ठेवला.

"घे, मावशी. तुह्या रीनानं लाज राखली आमची."

दिवेलागणीला सोमारीनं चुलीवरच्या गंजात भात रांधला आणि तीन थाळ्या मांडल्या. अंकुशची रिकामीच राहिली. दुकानावर फटाके वाजत होते, तो तिकडं गेला होता. रीनाच्या थाळीत तिनं भात वाढला. रोजच्यासारखं 'जेव, माय' म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"तू मेली तं मेली. आता भावालेही घेऊन चालली का वं?"

थाळीतला भात तिनं परत गंजात टाकला.