जिन्याखालचा नळ

माझी शाळा चौथीत सुटली, पण घाटकोपरच्या आमच्या इमारतीत माझ्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नाही. एक नात तेजल तेवढी उघडते. अर्थशास्त्र शिकलीय. एका संस्थेत मॉडेल बनवते, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शेतकरी बसवायचे आणि सरकारने काय दिलं की ते कसे वागतील, ते बघायचं. कॉम्प्युटरमधले शेतकरी फार गुणी. सांगाल तसे वागतात.

"आजी, पंपाला वीज फुकट, म्हणून पंप रात्रंदिवस चालू आणि विहिरी कोरड्या. तेच सांगितलं, वाचवलेल्या विजेचे पैसे रोख तुझ्या खात्यात, की माणूस आपणहून बटण बंद करेल."

"करेल हं! आरती ओवाळून करेल."

"तू काय वेगळी आहेस? रोज सकाळी कालचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओततेस. मोजून बिल आलं असतं तर ओतलं असतंस?"

लागलं मला. पाहुण्याला शिळं पाणी द्यायचं नाही ही आमच्या घरची रीत. रीतीला बिलाशी काय घेणंदेणं?

महिन्याअखेरीस तेजलला हे मॉडेल सरकारी साहेबांपुढे मांडायचं होतं. पटलं तर नोकरी पक्की, नाही तर घरी. तिचे वरचे साहेब, पार्ल्याचे अनिरुद्ध सर, म्हणाले, आधी खऱ्या माणसांवर करून बघ. मग काय, आमचाच मजला सापडला. घरटी पाण्याला मीटर बसला. जो कमी वापरेल त्याला संस्थेकडून रोख बक्षीस.

दोन दिवस आम्ही खरंच काटकसर केली. तिसऱ्या दिवशी शेजारची जयंती लिफ्टमधून हंडा घेऊन आली. जिन्याखाली वॉचमन गाड्या धुतो त्या नळाचं पाणी. टाकी तीच, पण त्या नळाला मीटर नाही. संध्याकाळपर्यंत सगळा मजला खाली. मी सुनेला म्हटलं, "सपना, हंडा काय नेतेस? पिंप ने. जयंतीच्या मागे राहायचं नाही."

"आई, तेजलला कळलं तर?"

"ती ऑफिसात असते. तू चल."

आमचा मीटर जवळजवळ झोपला. तेजल रोज रात्री आकडे बघून मला मिठी मारायची. टाकी मात्र आधीसारखीच रिकामी होत होती. तिच्यात डोकावतंय कोण?

बक्षीस द्यायला अनिरुद्ध सर स्वतः आले, तेजलसोबत. पहिला नंबर अर्थातच माझा. सर म्हणाले, "आजी, तुमचा फोटो साहेबांना दाखवणार. तुमच्यासारखंच आता गावोगावचे शेतकरी करतील."

तेव्हा मी बक्षिसासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. कारण ते खरंच माझ्यासारखंच करतील. गावचा माझा दीर गुणाजी, मीटरचा पंप बंद ठेवून पैसे घेईल आणि खांबावर आकडा टाकून दुसरा पंप चालवेल. सरकार फसेल आणि शिव्या पडतील त्या माझ्या तेजलला. सरांना काय, ते पार्ल्यात बसतील.

"फोटो खाली काढू," मी म्हटलं आणि दोघांना जिन्याखाली नेलं. जयंती पिंप भरत होती. आम्हाला बघून म्हणाली, "आत्या, तुमचा नंबर माझ्यानंतर हां."

तेजलचा चेहरा उतरला. सर हळूच म्हणाले, "तेजल, हा नळ अहवालात नको. आता वेळ नाही. आकडे छान आलेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगीच बोलली. "नाही सर. टाकी रिकामीच होतेय. नळ घालावा लागेल."

"मग नोकरीचं मी काही सांगू शकत नाही." सर चहासुद्धा न घेता गेले.

जिन्यावर तेजल कडाडली, "इतके दिवस मला सांगितलं का नाहीस?"

"पहिला नंबर हवा होता. जयंतीला जाऊ दिला असता?"

ती वर जाऊन दार लावून बसली. जेवली नाही.

सभेला ती नळासकट मॉडेल घेऊन गेली. सरकारी साहेबांनी पास केलं नाही. गावात जाऊन असे चोरनळ शोध म्हणाले आणि सहा महिने वाढवून दिले. पक्की नोकरी नाहीच.

परवा ती बॅग भरत होती. म्हणाली, "आजी, तूही चल. मला हे लोक खरं सांगणार नाहीत."

"मला तरी कशाला सांगतील?"

"सांगणार नाहीत. पण तू त्यांच्या जागी काय केलं असतंस, ते तर सांगशील?"

मी सपनाला माझी लुगडी काढायला सांगितली.