बाबांनी एच म्हटलेला हिरा

माझ्या अंगठीचा हिरा बाबाच निवडणार, हे मी लग्नाला हो म्हणायच्या आधीच ठरलेलं होतं. चाळीस वर्षं ते हिऱ्यांचा रंग आणि डाग पाहून प्रत लावतायत. त्यांनी पाकिटावर लिहिलेलं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. व्यापारी त्यावरूनच भाव ठरवतात. मीही त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर हेच काम करते. एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न करतेय म्हटल्यावर लोकांनी भुवया उंचावल्या. बाबांनी फक्त विचारलं, "बजेट किती?"

माझा होणारा नवरा बेकरीत पाव भाजतो. भल्या पहाटे उठून कमावलेले पैसे उधळायचे नसतात, हे बाबांनी त्याला समोर बसवून ऐकवलं.

"डी म्हणजे अगदी पाण्यासारखा. अक्षर पुढे जाईल तसा पिवळेपणा वाढतो. तुम्हाला पिवळ्या सोन्यात बसवायचाय ना? मग डी घेतला तरी सोन्याची झाक त्यात उतरणारच. एच घ्या, आय घ्या. आणि डागाचं काय, नुसत्या डोळ्यांना दिसत नसला की झालं. भिंग घेऊन कोण येतंय तुमच्या घरी? फक्त मधोमध नको. कडेला असला की खडा धरणाऱ्या सोन्याच्या नखाखाली झाकला जातो. वाचलेले पैसे चांगल्या पैलूंवर घाला, चमक तिथून येते."

बिचारा परीक्षेला बसल्यासारखा मान हलवत होता.

मंगळवारी व्यापाऱ्याकडून खडे आले. बाबा उत्तरेच्या खिडकीशी बसले, पांढऱ्या कागदाच्या घडीत एक खडा उपडा ठेवला आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "हा घे. एच. डाग अगदी कडेला." चेहरा असा खुलला होता, जणू त्यांनीच तो जमिनीतून खणून काढलाय.

मी पाहिलं. तो एच नव्हताच. के होता, तोही ओढूनताणून. पिवळेपणा सरळ दिसत होता.

मी काही मवाळ बाई नाही. चहा गार मिळाला तरी खोली डोक्यावर घेते. पण तेव्हा मी खडा नुसता चिमट्यात फिरवत राहिले. माझ्या अंगठीपुरतं असतं तर मी जन्मभर के मिरवला असता. पण त्यांच्या टेबलावर त्या दिवशी आणखी दोनशे खडे होते. उद्या एखाद्या व्यापाऱ्यानं खडा परत आणून आपटला, तर चाळीस वर्षांचं नाव एका सकाळी धुळीला मिळणार. आणि सांगावं, तर ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांनाच तुम्हाला दिसत नाही म्हणायचं. मला तो खडा गिळून टाकावासा वाटला.

आमच्या खोलीचा नियम आहे. आठवणीवर विसंबायचं नाही; ठरलेल्या रंगांचे नमुन्याचे खडे असतात, त्यांच्या शेजारी ठेवूनच अक्षर लावायचं. गेली दोन वर्षं बाबा ते काढतच नव्हते. "डोक्यात आहेत माझ्या," म्हणायचे. म्हाताऱ्याचा तोरा म्हणून मी सोडून दिलं होतं. चूक माझीही होती.

मी डबी आणली, कागदाच्या घडीत पाच नमुने ओळीनं मांडले आणि आमचा खडा बाजूला ठेवला.

"यात कुठे बसतो, बाबा?"

ते वाकले. भिंग पुसलं, पुन्हा वाकले. मग म्हणाले, "मला सगळे सारखेच दिसतायत गं."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला रडूच फुटलं.

"तू कुठे बसवशील?"

"के."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला आणि एकेका व्यापाऱ्याला सांगितलं, "मी दोन वर्षांत प्रत लावलेलं जे काही शिल्लक असेल ते परत पाठवा. माझ्या नजरेचा भरवसा राहिला नाही. मुलगी तपासेल." मग माझ्याकडे वळले. "रडून झालं की हात पूस. ओल्या बोटांनी खड्यांना हात लावायचा नाही."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलंय, डॉक्टर म्हणाले. त्यातून हिऱ्याची पिवळी झाक कशी कळणार? ऑपरेशनं होईपर्यंत मी परत आलेली पाकिटं तपासत राहिले. आमच्यासाठी दुसरा खडाही निवडला, पण बाबांनी पाहिल्याशिवाय अंगठी करायला टाकायची नाही, असं बेकरीवाल्यानंच मला बजावलं. त्या दिवशी तो मला फार आवडला.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाबा खिडकीशी बसले. मी नमुने मांडले आणि खडा शेजारी ठेवला.

"आय," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"तुझे केस इतके कधी पिकले?"

"झाली की दोन वर्षं."

"मला काळेच दिसायचे गं." त्यांनी हात लांब करून माझी एक बट उजेडाकडे वळवली. "त्याला चालतात?"

"तो म्हणतो, पीठ लागलंय."

बाबा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पण मी काही त्यांना रागावले नाही.