ताईच्या रिमोटची प्लेट

ताईने खिळ्यावरून रिमोट काढला, त्याचा पट्टा दोन्ही हातांनी रुंद केला आणि छोट्याच्या डोक्यावरून अलगद त्याच्या गळ्यात घातला.

"घे. आता तुझ्याकडेच राहू दे."

छोट्या तेव्हा हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून तिच्या टेबलावरचा दिवा सोडवत होता. वय चौपन्न, कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढलेली, डोक्यावरचे केस मोजून संपतील एवढेच उरलेले. पण ताईपुढे तो छोट्याच. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. बाजाराच्या मागच्या गल्लीत दहा फुटांचं तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि आज ती ते आवरत होती. उद्या किल्ली मालकाला द्यायची होती.

"हात काढ ना त्याच्यावरून," ताई म्हणाली. "काढून बघ. कसा राहतो बघ टेबलासारखा. उगाच नाही सगळे तुझ्या कामाचं नाव काढत."

छोट्याने हात काढले. रिमोट त्याच्या पोटापुढे आडवा, इकडे नाही की तिकडे नाही, असा स्थिर राहिला. तो टीव्हीचा रिमोट नव्हता. विमान उडवायचा होता, जुन्या पद्धतीचा, पुठ्ठ्याच्या खोक्याएवढी पेटी, तिच्यावर दोन दांड्या आणि वर लांब अँटेना. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पाच-सहा हौशी माणसं असली पेटी गळ्यात अडकवून, माना वर करून उभी असत. त्यात बाई एकटी ताईच. "खेळण्यातलं विमान" असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "तुमच्या मुलांना द्या बरं खेळायला. दहा सेकंदांत काड्या गोळा कराल."

रिमोट सरळ राहत होता तो छोट्याने बनवलेल्या प्लेटमुळे. ताई सहा महिन्यांपूर्वी जिन्यावर घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी हाड छान जुळलं म्हणून सांगितलं, पण पेटीचं वजन पेलवेना. गळ्यातल्या पट्ट्यावर सोडावी तर ती एका बाजूला कलंडून पोटात अँटेना खुपसायची. "कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असला तर तो निदान धावतो तरी," असं ताई म्हणाली आणि छोट्या कामाला लागला. त्याने अॅल्युमिनियमची एक प्लेट कापली, कानशीने कडा गोल केल्या, पट्ट्याची कडी अडकवायचं भोक मूळ जागेपासून इंचभर वर आणि अर्धा इंच उजवीकडे पाडलं. वर्कशॉपमध्ये खिळ्याला पेटी टांगून तिच्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये आला. छोट्याने दोघातिघांना बोलावून तो बुडबुडा दाखवला होता. एवढा खूश तो स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता, असं त्याची बायको म्हणाली.

चूक तिथेच झाली. त्याने पेटी खिळ्याला टांगून पाहिली, माणसाच्या गळ्यात नाही. खिळ्याला हात नसतात.

"त्या डब्यात स्क्रू टाक, जमिनीवर नको," ताई म्हणाली. ती स्टुलावर बसून एकेक घड्याळ कागदात गुंडाळत होती आणि कागदावर गिऱ्हाइकाचं नाव लिहीत होती. भिंतीवरची निम्मी घड्याळं उतरली होती. उरलेली निरनिराळी वेळ दाखवत चालली होती. गिऱ्हाईक विचारायचं, यातली खरी वेळ कोणती, आणि ताई म्हणायची, तुम्हाला सोयीची पडेल ती. गेल्या दोन महिन्यांत तिने नवीन घड्याळ हातात घेतलं नव्हतं. आलेल्या माणसाला ती चौकातल्या दुकानाचा पत्ता द्यायची.

"ताई, अजून एक महिना थांबली असतीस तर?"

"कशासाठी?"

"बघायला. हात..."

"छोट्या, लोक मला वडिलांचं घड्याळ आणून देतात, आजोबांचं देतात. केसाहून बारीक स्प्रिंग असते ती. एकदा हात हलला तो पुन्हा हलणार. त्यांच्या घड्याळावर कळण्यापेक्षा माझ्या विमानावर कळलं, हे बरंच झालं म्हणायचं."

हे तिने इतक्या समजूतदारपणे सांगितलं की छोट्याला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने चिडचिड केली असती, कुणाला नावं ठेवली असती, तर त्याला जरा श्वास घेता आला असता.

दोन महिन्यांपूर्वीचा तो रविवार त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मनगट मोडल्यानंतरचं ताईचं पहिलं उड्डाण. विमान छान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते उतरवायला तिने खाली आणलं आणि जमिनीपासून तीन-चार पुरुष उंचीवर असताना विमानाने एकदम नाक खाली घातलं. ताईने दांडी ओढली, पण तेवढी उंचीच नव्हती. मातीत आवाज झाला. ताईने पेटी गळ्यातून काढून छोट्याच्या हातात दिली आणि ती विमानाकडे धावत सुटली.

छोट्याने पेटीकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या उजव्या दांडीशेजारी नखाएवढी एक सरकती कळ असते, तिला ट्रिम म्हणतात. विमान स्वतःहून सरळ उडावं म्हणून ती बारीक बारीक सरकवून ठेवायची. ताईची ती कळ नेहमी मधोमध असे. आता ती पार वरच्या टोकाला गेली होती, म्हणजे नाक पूर्ण खाली. आणि पट्ट्याची कडी तिच्या खालीच अडकून बसली होती. विमान उतरवताना ताईने सवयीने पेटी थोडी उचलून धरली असणार. पट्टा सैल पडला, कडी आडवी झाली, ताईने पेटी पुन्हा सोडली तेव्हा पट्टा ताणला गेला आणि कडी वर जाताना कळ घेऊन गेली. भोक मूळ जागी असतं तर कडी कळीपर्यंत पोचलीच नसती.

मैदानावर सगळ्यांची तोंडं विमानाकडे होती. छोट्याने कडी सोडवली आणि अंगठ्याने कळ हळूच मागे मधोमध आणून ठेवली.

त्याने हे ठरवून केलं नव्हतं. पण अंगठा तर त्याचाच होता. संध्याकाळी सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं. तेवढ्यात ताई मोडलेला पंख घेऊन परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझाच हात हलला रे," ती म्हणाली. बाकीच्यांनी तिची समजूत घातली. सगळ्यांत वयस्कर असलेले मास्तर म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं असेल. आणि छोट्या, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो काय म्हणाला? तो म्हणाला, "वय झालं की होतं ताई असं." त्यानंतर संध्याकाळ आली, दुसरा दिवस आला, आठवडा गेला आणि सांगायची गोष्ट रोज थोडी थोडी जड होत गेली.

आता त्याने दिव्याचा शेवटचा स्क्रू डब्यात टाकला. रिमोट अजून त्याच्या गळ्यात होता. त्याने घाईघाईने तो काढला.

"ताई, जरा उभी राहा. हा घाल."

"अरे, दिला ना तुला!"

"घाल तर खरं. काहीतरी दाखवायचंय."

ताईने हातातलं घड्याळ कागदावर ठेवलं, उठली आणि पट्टा गळ्यात घातला.

"आता विमान उतरवतेयस असं समज. पेटी धर कशी धरतेस तशी. थोडी उचल. आता सोड."

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. ताई त्याच्याकडे, डोक्यावर परिणाम झालाय का, अशा नजरेने पाहायला लागली. तिसऱ्या वेळी कडी आडवी झाली, पट्टा ताणला, टक् असा बारीक आवाज आला आणि ट्रिमची कळ वरच्या टोकाला जाऊन बसली.

ताई पाहत राहिली. तिने कळ खाली आणली आणि पुन्हा पेटी उचलून सोडली. पुन्हा टक्. मग तिने स्टूल ओढलं आणि पेटी मांडीवर घेऊन बसली.

"प्लेट," छोट्या म्हणाला. "भोक चुकलंय माझं. अर्धा इंच उजवीकडे घ्यायला नको होतं. तुझा हात हलला नव्हता ताई. माझी प्लेट चुकली."

ताई हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिने आपला उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला, हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतात तसा पाहिला.

"मूर्खा! आणि मी इथे दुकान गुंडाळायला निघाले! रोज सकाळी चहाचा कप उचलला की आधी त्यातला चहा हलतो का ते बघत होते मी. थांब, मालकाला फोन करते. करू ना? अजून किल्ली माझ्याकडेच आहे."

"कर ना. आत्ता कर."

छोट्याचा जीव भांड्यात पडला. एवढंच तर होतं. चुकीच्या जागी पडलेलं एक भोक, ते कुणाच्याही हातून पडतं. त्याने मान्य केलं, ताई हसली, संपलं. बाकीचं सांगायची आता गरज उरली नव्हती. त्याने डब्यातले स्क्रू पुन्हा बाहेर काढले आणि दिवा टेबलावर धरला.

"हा परत बसवतो मी."

ताईने फोन उचलला, पण नंबर फिरवला नाही. तिची नजर पेटीवर होती. तीस वर्षं तिने दुसऱ्यांची बंद पडलेली घड्याळं उघडून, ती कुठे आणि का थांबली, हेच शोधलं होतं.

"पण ती मध्ये होती," ती म्हणाली.

"काय?"

"ट्रिम. पंख घेऊन परत आले ना, तेव्हा पहिलं तेच बघितलं होतं मी. तुझ्या हातात होती पेटी. ट्रिम अगदी मधोमध होती. म्हणून तर मला वाटलं, हातच हलला." ती थांबली. "टोकाला गेली असती, तर टोकालाच दिसायला हवी होती."

छोट्याच्या हातातला दिवा टेबलावर टेकला. त्याला वाटलं, अजूनही म्हणता येईल की धक्क्याने सरकली असेल. ताईला तसं सांगितलं असतं तर तिने कदाचित मानलंही असतं.

"मी सरकवली," तो म्हणाला.

"कधी?"

"तू विमानाकडे गेलीस तेव्हा."

"म्हणजे तुला तेव्हाच..."

"हो."

भिंतीवरची घड्याळं चालू होती. ताईने फोन टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, काचेचा असल्यासारखा.

"वय झालं की होतं, असं म्हणालास तू मला."

छोट्याने मान खाली घातली.

ताई उठली. कळीखाली अडकलेली कडी सोडवून पट्टा काढायला तिने उजवा हात खाली नेला, पण बोटं कडीवरून घसरली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा घसरली. तिने हात वर घेऊन दोघांच्या मध्ये धरला. पाचही बोटं थरथरत होती.

"बघ," ती म्हणाली. "आता हलतोय."

छोट्या पुढे झाला आणि कडी सोडवायला त्याने हात लांबवला. ताई एक पाऊल मागे सरकली.

"राहू दे. माझी मी काढते."

तिला बराच वेळ लागला. छोट्या तिथेच उभा राहिला.